टॉवेलाखालचं बेसिन

आमच्या घरातलं गुपित बाहेर फुटत नाही. चंदिगडला बातमीदारी करताना मी एक नियम कसोशीने पाळला: चारचौघांत काही झाकायचं असेल तर घरच्यांशी मराठीत बोलायचं. सेक्टर बावीसमध्ये मराठी कळणार कुणाला?

१९७४च्या मार्चमध्ये एका रविवारी घरमालक ग्रेवालसाहेब चहाला येणार होते. खाली ते आणि त्यांची आई बीजी, वर आम्ही. करार वर्षभर वाढवायचा की एप्रिलात आम्हाला काढायचं, हे चहावर ठरणार होतं. त्यांची अट एकच: काही मोडलं तर त्याच दिवशी कळलं पाहिजे. आणि शनिवारीच माझ्या बायकोच्या, वीणाच्या हातून वरवंटा निसटून त्यांचं बेसिन फुटलं होतं. नवं सोमवारी मिळणार होतं. रविवार निभावला की झालं. मी बेसिनवर मोठा टॉवेल पसरला. ते तापाने फणफणलेल्या माणसासारखं पांघरूण घेऊन पडलं.

ग्रेवालसाहेबांनी सामोसा खाल्ला. बोटांना चटणी लागली.

"दिगंबरजी, ज़रा हाथ धो लूँ."

चेहरा हसरा ठेवून मी सात वर्षांच्या चित्राला मराठीत म्हणालो, "बाळा, काकांना तांब्या इथेच आणून दे. बेसिनकडे जाऊ देऊ नकोस."

चित्राला मराठी सगळी समजते. उत्तर मात्र ती हिंदीत देते. नेमकं तेव्हाच मला हे आठवलं नाही.

"क्यों बाबा? बेसिन टूटा है इसलिए?"

"गप्प बस."

"चुप क्यों रहूँ? टॉवेल तो आपने डाला."

वीणा पुटपुटली, "अहो, तिला आत पाठवा."

"अंदर क्यों जाऊँ? मेरा समोसा बाकी है."

मी वीणाकडे वळून कुजबुजलो, "इनको पता चल गया तो घर गया!" मग ग्रेवालसाहेबांकडे वळून अदबीने म्हणालो, "काही नाही हो, पोर उगाच बडबडते."

वीणाने डोळे मिटले. का, ते मला दोन क्षणांनी कळलं. बायकोसाठीची भाषा मालकाला गेली होती आणि मालकाची बायकोला.

ग्रेवालसाहेबांनी रुमालाला बोटं पुसली.

"पता तो कल ही चल गया था जी. चित्रा ने नीचे आके बीजी को बता दिया. मैं देखने आया था, आप बताते हो या नहीं."

मी विचारलं, "फिर... घर?"

"शर्त क्या थी? उसी दिन पता चले. चल गया. एक साल और रहो." ते उठले, दारात थांबले. "आगे भी बिटिया ही बता देगी. आप तकलीफ़ मत करना. क्या पंजाबी बोलती है!"

मुलीला पंजाबी येते, ही बातमी मला अशी कळली. शहरातल्या बाकी बातम्या मी वेळेवर देत होतो.