कानदुखी हे आजारपण नव्हे

आजारी माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. गेली बावीस वर्षं मी आमच्या ऑफिसात रजा विभागाचा हेडक्लार्क आहे आणि माझ्या टेबलावरून आजवर जेवढे ताप, जुलाब आणि चकरा गेल्या, तेवढ्या एखाद्या दवाखान्यातूनही गेल्या नसतील. त्यातले निम्मे ताप बरोबर सोमवारी येतात. पाठदुखी शुक्रवारी दुपारी उद्भवते आणि जोडून सुट्टी असली की चार दिवस मुक्कामाला राहते. या सगळ्यांवर एकच औषध म्हणून मी एक रबरी शिक्का करून घेतलाय : 'कारण समाधानकारक नाही'. तो कायम माझ्या उजव्या हाताशी असतो. (डाव्या हाताला 'मंजूर'चाही शिक्का आहे, पण वापराअभावी त्याचं रबर तडकलंय.)

स्वतः मी बावीस वर्षांत आजारपणाची एकही रजा घेतलेली नाही. आजार ही माझ्या मते एक सवय आहे, आणि मला ती नाही.

मागच्या वर्षी आमच्या जावकबाईंनी कानदुखीसाठी तीन दिवस मागितले. (त्या आवक-जावक टपाल बघतात. पण घड्याळाचा काटा साडेपाचकडे झुकला की त्यांची पर्स आपोआप खांद्यावर चढते, म्हणून त्या नुसत्याच जावकबाई.) मी अर्ज तर फेटाळलाच, वर एक परिपत्रकही काढलं. कलम एक : 'कानदुखी हे आजारपण धरले जाणार नाही. कान दोन असतात.' कलम दोन : 'खाडाखोड असलेला अर्ज बाद समजला जाईल.' दोन कानांचं वाक्य साहेबांनी काढायला लावलं. साहेबांना विनोद कळत नाही.

आता घराकडे येतो. माझी बायको शाळेत भूगोल शिकवते. अठ्ठावीस वर्षं ती फळ्यावर निळ्या खडूने समुद्र रंगवतेय, आणि त्यातली अकरा वर्षं ती मला म्हणत होती, "अहो, एकदा तरी पाण्याखाली जाऊन बघायचंय हो, आत असतं तरी कसं." दरवर्षी मी म्हणायचो, पुढच्या वर्षी बघू. यंदा तिने विचारलंच नाही. सरळ स्कूबाच्या वर्गात दोघांची नावं घालून मोकळी झाली. सहा रविवार तलावात सराव, सातव्या रविवारी समुद्र.

पहिल्या रविवारी जाऊन बघतो तर काय, वर्गात आमच्याशिवाय एकच विद्यार्थिनी, जावकबाई! इथे मात्र त्या साडेपाच वाजून गेले तरी हलत नसत.

शिकवायला पन्नाशीच्या, गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एक भारदस्त बाई होत्या. त्यांना सगळे कर्नल म्हणत. आम्हाला पोहायला शिकवण्यापेक्षा घाबरवण्यात या बाईंना जास्त रस होता. पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, कारण वर येताना आतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटतं. वर यायचं ते सावकाश, नाहीतर सोड्याची बाटली झटक्यात उघडावी तसे रक्तात बुडबुडे होतात. आदल्या दिवशी दारू नको, झोप हवी, पाणी भरपूर प्या, नंतर एक दिवस विमानात बसू नका. "आणि सर्दी असेल," कर्नल शिट्टी हलवत म्हणाल्या, "तर पाण्यात पाऊल टाकायचं नाही. नाकातून कानात जाणारी वाट बंद झाली की बाहेरचं पाणी कानाचा पडदा आत दाबत राहतं."

बायको हे सगळं वहीत उतरवून घेत होती. मी तिच्या कानाशी पुटपुटलो, "इतके रोग असतील तर मासे कसे जगले?"

"माशांना हेडक्लार्क नवरे नसतात," ती म्हणाली आणि पुढचा मुद्दा लिहायला लागली.

सातव्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी शिंकलो. एकदाच. (बायकोच्या मते चौदा वेळा. बायका आकडे फुगवून सांगतात.)

"तुम्ही उद्या पाण्यात उतरायचं नाही," ती म्हणाली.

"अगं, ही काय सर्दी आहे?"

"नळ गळतोय नुसता. तुम्ही होडीत बसा. मी कर्नलबाईंबरोबर जाईन, जावकबाई आहेतच. माझं काही अडत नाही."

माझं काही अडत नाही, हेच वाक्य मला लागलं. मी होडीत रुमाल धरून बसायचं आणि माझ्याच हाताखालच्या जावकबाईंनी माझ्या डोळ्यांदेखत समुद्रात शिरायचं? सोमवारी ऑफिसात तोंड कसं दाखवायचं? मी जाणार म्हणजे जाणार, असं मी जाहीर केलं. एवढाच काय तो माझा निर्णय. पुढचं सगळं त्याच्या मागून आलं.

रविवारी होडीत बसण्याआधी कर्नलनी प्रत्येकाला एक फॉर्म दिला. दमा आहे का, रक्तदाब, फिट्स, कानाचं दुखणं, गेल्या आठवड्यात सर्दी-खोकला, असे अकरा प्रश्न. बायकोने रक्तदाबापुढे 'होय' लिहून डॉक्टरांचं पत्र जोडलं. जावकबाईंनी कानापुढे 'होय' लिहून तीन पानी प्रमाणपत्र जोडलं, त्यात कानाच्या आतलं चित्रसुद्धा होतं. खरं बोलायची हौस असते एकेकाला! मी पहिल्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं आणि तिथून खालपर्यंत एक झकास उभी रेघ ओढली. बावीस वर्षं लोकांचे खोटे अर्ज पकडणारा मी काही खोटा अर्ज लिहिणार नाही. मी तो फक्त थोडक्यात लिहिला. मग बाथरूममध्ये जाऊन नाकात औषधाचे सहा थेंब सोडले. बाटलीवर दोन लिहिलं होतं, पण कंपन्या घाबरट असतात.

पाठीवर टाकी, कमरेला शिसं, तोंडात नळी, असे आम्ही नांगराच्या दोराला धरून खाली निघालो. पुढे कर्नल आणि जावकबाई, मागे आम्ही नवराबायको. दर हातभर अंतरावर नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, म्हणजे कान मोकळा होतो. तिघींचे कान मोकळे होत होते. माझा उजवा होईना. मी फुंकलं. पुन्हा फुंकलं. पुरुषभर खोल गेलो तेव्हा कानात कुणीतरी बोट घातलं. दोन पुरुष गेलो तेव्हा त्या बोटाची पेन्सिल झाली होती, आणि तीही नुकतीच टोक काढलेली.

खाली बायकोकडे पाहिलं. ती दोर धरून थांबली होती आणि तिच्या पायांखाली तो होता, तिचा अठ्ठावीस वर्षांचा समुद्र. खडकावरून पिवळ्या माशांचा एक थवा वळत होता. मास्कच्या काचेतून तिचे डोळे दिसत होते. लग्नात मी अंगठी घातली तेव्हाही ते एवढे मोठे झाले नव्हते. तिने मला बोटाने मासे दाखवले. मग माझा चेहरा पाहिला आणि तिचं बोट तिथेच थांबलं.

तिला लगेच कळलं. तिने कर्नलचं लक्ष वेधलं, माझ्याकडे हात केला, पंजा डुगडुगवला आणि स्वतःच्या कानाला बोट लावलं. खुणेचा अर्थ, यांच्या कानाचं काहीतरी बिनसलंय. कर्नल सरसर माझ्यापाशी आल्या. त्यांच्या मागून जावकबाईही आल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत पाण्यात तरंगत राहिल्या.

आता तुम्हीच सांगा, कानदुखी हे आजारपण नव्हे असं परिपत्रक ज्याने काढलं, त्याने जावकबाईंच्या देखत आपल्या कानाला बोट कसं लावावं? मी नाही लावलं. मी दोन्ही हात हलवून 'माझं ठीक आहे' असं सांगितलं, आणि बोट बायकोच्या कानाला लावलं.

(हे लिहिताना मला लाज वाटते. तेव्हा नाही वाटली. तेव्हा दुखत होतं.)

बायको जोरजोरात मान हलवू लागली. पण पाण्याखाली मान हलवणाऱ्या बाईकडे बघून कुणालाही वाटेल की हिला फार त्रास होतोय. कर्नलचा नियम साधा होता, शंका आली की सगळे वर. त्यांनी अंगठा वर केला. बायकोने एकदा खाली त्या पिवळ्या थव्याकडे पाहिलं, आणि दोराला हात घातला.

एवढ्यावर तरी मी गप्प बसावं! पण वर जायच्या आधी एकदा कान मोकळा करून दाखवावा, म्हणून मी नाक गच्च धरून होता नव्हता तेवढा जोर लावला. आत काहीतरी फट्कन सुटलं. क्षणभर इतकं बरं वाटलं की विचारू नका. मग कानात गार पाणी शिरलं आणि समुद्र माझ्याभोवती गरगर फिरायला लागला. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस जे पहिलं करतो ते केलं, श्वास रोखला.

माझ्या टाकीचा पट्टा कुणीतरी पकडला. ती बायको होती. तिने तिचा मास्क माझ्या मास्कला भिडवला, माझ्या छातीवर थापट्या मारल्या आणि स्वतः बुडबुडे सोडून दाखवले. सोडा, श्वास सोडा. मी सोडला. वर येईपर्यंत ती दर हातभर अंतरावर थापटत होती आणि मी सोडत होतो. कर्नलनी सांगितलेलं मी एकही वाक्य ऐकलं नव्हतं. हिने वहीत उतरवून घेतलं होतं म्हणून आज मी हे लिहितोय.

होडीत माझा मास्क काढला तर त्यात रक्त.

"कान कुणाचा दुखत होता?" कर्नलनी विचारलं.

"यांचा," बायको म्हणाली. "पण यांनी माझा दाखवला."

"सर्दी होती?"

"किंचित," मी म्हणालो.

"चौदा शिंका," बायको म्हणाली.

कर्नलनी माझा फॉर्म काढला. "मग ही रेघ कसली?"

मी होडीच्या तळाकडे पाहिलं. एका दिवसात एकदाच उतरायचं ठरलं होतं, तेव्हा होडी परत फिरली. बायको सबंध वाटेत पाण्याकडे बघत बसली. जावकबाई माझ्याजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "साहेब, फार दुखतंय का हो?" त्यांच्या आवाजात टोमणा शोधला, पण सापडला नाही. तो असता तर बरं झालं असतं.

कानाच्या डॉक्टरांनी आत बघून शीळ घातली. "पडद्याला भोक पडलंय. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, तीन महिने समुद्र बंद. आणि पंधरा दिवस घरी आराम."

"आराम जमायचा नाही. आमच्याकडे कानदुखीला रजा नसते."

"हा मूर्ख नियम कुणी केला?"

"आहे एक जण," मी म्हणालो.

"त्याचा कान दुखायला हवा एकदा."

सोमवारी कानात कापूस घालून मी ऑफिसात हजर. घरी बायको माझ्याशी बोलत नव्हती. खरं तर ती बोलत नाही की मला ऐकू येत नाही, हे ठरवायलाच दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी चांगला कान पुढे करून बसलो, तेव्हा नक्की झालं. ती बोलत नव्हती.

गुरुवारी जावकबाई माझ्या टेबलाशी आल्या आणि एक अर्ज ठेवून उभ्या राहिल्या. मी वाचला. 'येत्या बुधवारी एक दिवस रजा मिळावी. समुद्राचा हंगाम संपत आला असून कर्नलबाईंकडे तेवढाच दिवस रिकामा आहे. पाण्याखाली एकटीने जाता येत नाही, जोडीदार लागतो. कारण : आपल्या पत्नीची जोडीदार म्हणून जाणे. (आपण जोडीदार म्हणून योग्य नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.)'

मी तो अर्ज दोनदा वाचला. मला ते पिवळे मासे दिसले, आणि ते दाखवणारं ते बोट, माझ्या तोंडाकडे बघून थांबलेलं. ही रजा मिळाली नाही तर बायको वर्षभर पुन्हा फळ्यावरच समुद्र रंगवणार. मी डावीकडचा 'मंजूर'चा शिक्का उचलला. कागदावर एक निळा डाग उमटला, त्यात ना 'मं' ना 'जूर'. शेवटी उजवीकडचा उचलला. 'कारण समाधानकारक नाही' असा ठसठशीत ठसा उमटवला, आणि पेन काढून त्यातला 'नाही' मी माझ्या हाताने, दोन रेघा मारून, खोडला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी आलं. (सर्दीचंही असेल.)

मी अर्ज जावकबाईंपुढे सरकवला आणि आभाराचे शब्द नीट ऐकू यावेत म्हणून चांगला कान पुढे केला.

जावकबाईंनी अर्ज उजेडात धरून निरखला.

"साहेब," त्या हळूच म्हणाल्या, "यात खाडाखोड झालीय. कलम दोनप्रमाणे बाद आहे हा. मला वाटलंच होतं, म्हणून कोरा कागद आणलाय."

आणि त्या पर्स खांद्याला लावून शांतपणे उभ्या राहिल्या. मी तो सबंध अर्ज माझ्या अक्षरात पहिल्यापासून लिहून काढला, कंसातल्या वाक्यासकट.