उतारावर गाडी लावणारे पुंजाजीभाऊ

पुंजाजीभाऊंनी जीप कधी सपाटीवर उभी केली नाही. आमच्या पंचायत समितीच्या कचेरीसमोर चांगलं ऐसपैस, लिंबाच्या सावलीचं मैदान होतं. पण जीप असायची ती तिथून दीडशे पावलांवर, जुन्या विहिरीजवळच्या उतारावर, पुढच्या चाकाखाली दगड लावून. दगडाला सुतळी बांधलेली. साहेबांना दौऱ्यावर निघायचं असलं की ते फायली काखेत मारून तिथवर चालत जायचे. पुंजाजीभाऊ बसल्या जागेवरून सुतळी ओढायचे, दगड सरकायचा, जीप खाली घरंगळायची आणि थोडा वेग आला की ते गिअर टाकायचे. इंजिन दोनदा खोकून सुरू व्हायचं. बॅटरीला बोटसुद्धा लागलेलं नसायचं. पुंजाजीभाऊंच्या चेहऱ्यावर तेव्हा पंगतीत तुपाची पहिली धार मिळाल्यासारखं समाधान असायचं.

महाराष्ट्र राज्य नवं होतं, पंचायत समित्याही नव्या होत्या. जुनी होती ती फक्त जीप. ती कुठल्या तरी दुसऱ्या खात्यात म्हातारी होऊन आमच्या चिखलीला आली होती. मी तिथे कारकून होतो आणि पुंजाजीभाऊ ड्रायव्हर. पन्नाशीचे, उंच, वाळक्या तुरीच्या काडीसारखे. एका खोलीत एकटे राहायचे.

आमचे साहेब पुण्याकडचे. पायी चालायचा त्यांना राग नव्हता, पण आपल्याच जीपपर्यंत चालत जायचं हे त्यांच्या पचनी पडेना.

"अहो पुंजाजी, बॅटरी असते कशासाठी?" त्यांनी एकदा विचारलं.

"कामी पडाले असते, साहेब."

"मग हे काम नाही का?"

पुंजाजीभाऊंनी नम्रपणे खाली पाहिलं. "हे काम नोहे साहेब. हा दौरा व्हय."

साहेब फायली काखेत मारून विहिरीकडे चालायला लागले.

अख्ख्या तालुक्यातले उतार पुंजाजीभाऊंना तोंडपाठ होते. उंद्रीला शाळेच्या मागचा, अमडापूरला बाजाराच्या वरच्या अंगाचा. एकदा मात्र आम्हाला शेतकरी मेळाव्यासाठी पार सोनाळ्याला जावं लागलं. तालुका परका, उतार अनोळखी. पुंजाजीभाऊंनी गावाला तीन फेऱ्या घातल्या आणि शेवटी एका उकिरड्यावर जीप चढवली. मेळावा संपल्यावर पॉलिश केलेल्या बुटांनी साहेब तो उकिरडा चढले. वर पोचल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"राहू द्या, कामी पडीन," हे पुंजाजीभाऊंचं पालुपद. लग्नात दुसरा लाडू पानात पडला की तो खिशात जायचा. राहू द्या, कामी पडीन. कचेरीत कोणी तुटकी सुतळी फेकली की ती उचलायचे. संध्याकाळी जीपचे दिवे लावायचे ते बैल आणि बैलगाडी यांतला फरक दिसेनासा झाला की मगच. आणि हॉर्न तर ते वाजवतच नसत. हॉर्नऐवजी जीपच्या पुढच्या पट्टीला त्यांनी बैलाच्या गळ्यातली घंटा बांधली होती. खडबडीत रस्त्यावर ती आपोआप वाजे. त्यामुळे माणसं बाजूला होत नसत, पण गुरं आपली समजून मागे मागे येत. साहेबांची जीप गावात शिरायची ती चार-पाच गोऱ्हे घेऊनच. हॉर्नने बॅटरी खाल्ली जाते म्हणून हा माणूस इतक्या टोकाला गेला, असं आम्ही समजायचो आणि हसायचो. कचेरीत त्यांची सगळ्यात जास्त नक्कल मीच करायचो. हे आज लिहिताना माझी मान खाली जाते.

बॅटरीच्या पाण्याची तर वेगळीच गंमत. तिच्या कप्प्यांत शुद्ध पाणी लागतं. विहिरीचं पाणी तिला बाधतं, असं पुंजाजीभाऊ एखाद्या बाळंतिणीबद्दल बोलावं तसं सांगायचे. म्हणून श्रावणात चार काठ्यांना धुतलेलं पांढरं फडकं बांधून ते पावसाचं पाणी धरायचे, काचेच्या बाटलीत गाळायचे, बुचावर मेण ओतायचे आणि ती बाटली घरातल्या देवळीत देवांपाशी ठेवायचे. घरात तेवढी एकच जागा अशी, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणी हात लावणार नाही.

पण एकदा कचेरीत सत्यनारायण ठरला. ऐन वेळी भटजींनी गंगाजल मागितलं. आमच्या शिपायाला आठवलं, पुंजाजीभाऊंच्या देवळीत मेण लावलेली बाटली आहे. पुंजाजीभाऊ जेवणाच्या पत्रावळी आणायला गेले होते. शिपाई त्यांच्या घरी जाऊन बाटली घेऊन आला. येताना म्हणाला, "देवळीत लहान पोरीच्या बांगड्या बी ठेवेल हायेत. एकल्या मानसाले काऊन लागतात?" कोणी लक्ष दिलं नाही. मीही नाही. हेडबाबूंनी बाटली तीर्थात ओतली आणि साहेबांपासून सगळ्यांनी ओंजळीने तीर्थ घेतलं.

पुंजाजीभाऊ पत्रावळी घेऊन आले, त्यांनी रिकामी बाटली पाहिली आणि प्रसाद वाटून होईपर्यंत दाराशी उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "आता तिले काय पाजू?"

"कोणाला?" साहेबांनी विचारलं.

"बॅटरीले."

साहेब हातातल्या प्रसादाकडे बघत राहिले. एक जण मागच्या अंगणात चुळा भरायला धावला. हेडबाबूंनी मात्र दुसऱ्या दिवशी पुंजाजीभाऊंना बाजूला घेऊन, पोटातला वात बराच बसलाय, आणखी एखादी बाटली आहे का, असं विचारलं.

असे हे पुंजाजीभाऊ. इथवर हसून झालं. आता त्यांचे उपकार सांगतो.

त्या वर्षी पोळ्याला माझी बायको सुमन आमच्या पाच वर्षांच्या शकूला घेऊन अमडापूरला माहेरी गेली होती. पोळ्यानंतर तीन दिवसांनी साहेबांचा दौरा तिथेच निघाला, म्हणून मीही जीपमध्ये बसलो. सासऱ्यांच्या दारात पोचलो तर सुमनच्या मांडीवर शकू पडलेली. गळा सुजलेला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. तिथल्या डॉक्टरांनी घसा पाहिला आणि मला बाहेर बोलावलं. "घटसर्प आहे. इंजेक्शन बुलढाण्यालाच मिळेल. आता निघा. श्वास कोंडला तर माझ्या हातात काही नाही."

साहेबांनी एका शब्दात जीप दिली. पुंजाजीभाऊंनी सुतळी ओढली आणि आम्ही निघालो.

वाटेतल्या नाल्यावर पूल नव्हता, दगडी फरशी होती. वर कुठेतरी पाऊस झाला असावा. फरशीवरून गुडघाभर लाल पाणी वाहत होतं. पुंजाजीभाऊ उतरले, पाण्यात चार पावलं चालून आले आणि म्हणाले, "वाढून राह्यलं. थांबलो त अडकलो." त्यांनी जीप पाण्यात घातली.

अर्ध्यात गेल्यावर इंजिन फुरफुरलं आणि बंद पडलं. प्लगांत पाणी गेलं होतं. पुढून हँडल मारावं तर ते घालायचं तोंड पाण्याखाली. ढकलावं तर आम्ही दोन माणसं, आणि ओढीत पाय ठरेना. उतार तर नव्हताच. सुमनने शकूला छातीशी धरलं होतं. मला काही सुचेना. मी रामरक्षा म्हणायला लागलो आणि दुसऱ्याच ओळीला अडखळलो.

"पोरीले घट्ट धरा," पुंजाजीभाऊ म्हणाले. "आन बोलू नका."

त्यांनी सगळ्यात लहान गिअर टाकला आणि पायाखालची स्टार्टरची कळ दाबली. इंजिन सुरू झालं नाही. ते होणार नव्हतंच. पण बॅटरीच्या जोरावर स्टार्टरने घर्र करून चाकं फिरवली आणि जीप हातभर पुढे सरकली. पेट्रोलचा थेंब न जळता, नुसत्या विजेवर.

"तिले दम घेऊ द्या," ते पुटपुटले. थोडं थांबले. परत कळ दाबली. परत हातभर. परत दम. त्यांचा एक हात डॅशबोर्डवर होता, दमलेल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. ज्या बॅटरीतून या माणसाने कधी साहेबांसाठी एक घर्र खर्च केली नव्हती, ती तो आता हातभर हातभर रिकामी करत होता. शेवटी शेवटी आवाज मऊ होत गेला. पुढची चाकं काठाच्या गोट्यांवर चढली, मागची चढली, आणि मग कळ दाबली तर नुसतं टक् झालं. बॅटरी संपली होती. आम्ही कोरड्या जमिनीवर होतो.

पुंजाजीभाऊंनी डोक्याचा रुमाल सोडून प्लग पुसले आणि हँडल मारलं. सातव्या वेळी इंजिन लागलं. बुलढाण्याच्या दवाखान्यात त्यांनी जीप थेट पायऱ्यांसमोर, सपाटीवर नेऊन उभी केली.

शकूला इंजेक्शन मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाणी मागितलं. मी चहाचा पेला घेऊन बाहेर आलो. पुंजाजीभाऊ जीपच्या पायरीवर बसले होते.

"आवाज निंगला काय पोरीचा?"

"हो. पाणी मागितलं."

त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले. मला खूप बोलायचं होतं. मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकलो, तर त्यांनी मला दंडाला धरून शेजारी बसवलं.

"बॅटरी पार गेली ना?" मी म्हणालो. काही तरी बोलायचं म्हणून.

"जाऊ द्या. कामी पडली." चहाचा एक घोट झाला. मग ते जीपकडे बघत बोलायला लागले. "मी कापसाच्या जिनातला ट्रक चालवो तवा. माही पोरगी गोदी होती, तुमच्या शकूएवढी. तिची माय आधीच गेली होती. गाडी दाराशी आली का गोदी धावत ये. म्हने, बा, भोंगा वाजव नं एकदा. मी म्हनो, राहू दे वं, कामी पडीन. रोज मांगे. रोज मी हेच म्हनो."

त्यांनी आणखी एक घोट घेतला.

"तापात गेली. पाच दिसात. गाडी दाराशीच उभी होती. बॅटरी भरेल होती." त्यांनी पेला खाली ठेवला. "तवापासून त्या बटनावर हातच जात नाही, बाबू. लोक म्हनतात बॅटरी वाचवते. म्हनू द्या."

त्या घंटेच्या नकला मी कितीदा केल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसून राहिलो आणि मनापासून माफी मागितली. कशाची, ते त्यांना कळलं नाही. "काऊन रडता, बाबू?" एवढंच म्हणाले.

महिनाभराने शकू चिखलीच्या घरी ओट्यावर बसायला लागली. आवाज अजून घोगरा होता. एका सकाळी गल्लीत घंटेचा आवाज आला, मागे एक गोऱ्हा, आणि जीप आमच्या दारासमोर येऊन थांबली. आमची गल्ली ताटासारखी सपाट. पुंजाजीभाऊंनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि खिशातून लग्नातला एक लाडू काढून शकूच्या हातावर ठेवला.

शकूने लाडू घेतला, जीपकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पुंजाजीकाका, भोंगा वाजवा ना."

सुमनला मी सगळं सांगितलं होतं. तिने पटकन शकूला जवळ ओढलं. "असं मागू नये, बाळा."

"राहू दे..." पुंजाजीभाऊंच्या तोंडून सवयीने निघालं. पुढचे शब्द आले नाहीत. मग ते जीपमध्ये चढून बसले, रुमालाने बटण पुसलं आणि तळहाताने दाबलं.

इतक्या वर्षांचा गंजलेला तो आवाज आधी खरखरला आणि मग मोकळा झाला. गोऱ्हा बुजून पळाला. शेजारपाजारचे लोक दारात आले. पुंजाजीभाऊ हात काढेनात. शकू टाळ्या वाजवत होती.

शेवटी त्यांनी हात उचलला. डोळे पुसायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी शकूकडे पाहिलं आणि विचारलं, "आनखी वाजवू?"