चाकू, कुऱ्हाड आणि सासूबाई

"तू दुकानातून फक्त एक चाकू आणि एक कुऱ्हाड घेऊन ये," बायकोने बजावलं. "तंबू, दोर, भांडी सगळं दादा आणतोय. आणि दुकानात आईला बरोबर ने, रविवारी जंगलातही येणारच आहे ती. घरात बसून वैतागलीय ती."

जंगलातल्या मुक्कामाची हौस जावईबापूंना नव्हती. मेहुण्याची जिरवायची होती. गेल्या खेपेला तो चारचौघांत म्हणाला होता, "भावजींना लाकडं फोडायला देऊ नका, शेकोटीसाठी कागद फाडायला द्या." विमा कंपनीत दावे तपासणाऱ्या माणसालाही मनगट असतं, हे आता दाखवून द्यायचं होतं. त्यात सासूबाई सोबत! त्या हाडांच्या सर्जन, नुकत्याच निवृत्त झालेल्या. हातांना काम नाही म्हणून त्यांनी घरातल्या एकूण एक दाराच्या बिजागऱ्या ठाकठीक करून टाकल्या होत्या.

दुकानाच्या मधोमध नमुन्याचा तंबू उभारलेला होता. शेजारी कुऱ्हाडी पारखायला एक ओंडका ठेवला होता. जावईबापूंनी आत शिरताच सगळ्यात मोठा सुरा उचलला. त्याच्या पाठीला करवतीचे दाते होते आणि मुठीच्या टोकाला होकायंत्र.

"अस्वल मारायचंय का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही, म्हणजे... दोर कापायला. कांदा वगैरे."

सासूबाईंनी मूठ नखाने वाजवली. "पोकळ आहे. पातं आत जेमतेम बोटभर गेलंय. जोर लावलात की पातं लाकडात आणि मूठ तुमच्या हातात." मग त्यांनी कोपऱ्यातला एक साधासा चाकू उचलला. "पातं पंजाएवढं पुरे. पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध हवं. आणि मूठ ओल्या हातातून निसटता कामा नये." त्यांनी हवेत धरलेल्या कागदाला अशी अलगद चीर पाडली, की माल दाखवायला आलेला विक्रेता बघतच राहिला.

"निदान कुऱ्हाड तरी मी निवडतो, आई."

"निवडा की. हात तुमचे, पाय तुमचे. मोडले तर सांगून ठेवते, मी निवृत्त झालेय."

जावईबापूंनी लांब दांड्याची, भली थोरली कुऱ्हाड घेतली, दम धरला आणि ओंडक्यावर घाव घातला. कुऱ्हाड रुतली ती रुतलीच. त्यांनी ओढली, हलवली, शेवटी ओंडक्यावर पाय देऊन हिसडा मारला. तसा ओंडका आडवा झाला, गडगडत गेला आणि तंबूच्या खांबाला धडकला. तंबू भुईसपाट!

"मेलो! मेलो! भूकंप झाला!" तंबू आतून ओरडायला लागला.

"आत कोण आहे?" जावईबापू दचकून मागे सरले.

"मालक," विक्रेता पुटपुटला. "जेवण झालं की ते रोज जरा... माल तपासतात."

तंबूची चेन अडकली होती. आतला माणूस जितका धडपडे तितका गुंडाळला जाई. जावईबापूंनी मागचापुढचा विचार न करता तो करवतीचा सुरा उपसला आणि ते धावले.

"ठेवा ते खाली!"

त्या आवाजासरशी सुराच काय, दुकानातली गिऱ्हाइकंही जागच्या जागी थिजली. सासूबाई गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी कापडावर तळहात ठेवला. "मालक, घाबरू नका. डाव्या कुशीवर व्हा. हां. आता मोठा श्वास घ्या आणि हलू नका." बोटाने चाचपत त्यांनी शिवण शोधली आणि छोटा चाकू टाक्यांवरून सुळसुळत नेला. मालकांचं घामाघूम डोकं बाहेर आलं. कापडाला ओरखडासुद्धा नव्हता.

"नुसते टाके काढलेत," सासूबाई उठत म्हणाल्या. "पुन्हा शिवता येईल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी जाता जाता रुतलेल्या कुऱ्हाडीच्या दांड्याच्या टोकावर वरून दोन थापा मारल्या, कुऱ्हाड मुकाट्याने सुटली. मग त्यांनी एक छोटी कुऱ्हाड डोळ्यासमोर आडवी धरली. "लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीतच धावल्या पाहिजेत. आडव्या गेल्या की तिथेच मोडणार. आणि कुऱ्हाड एवढीच जड हवी, की दमल्यावरही ती आपलं ऐकेल."

"ताई, माझी पण जरा बघता?" एका बाईने कुऱ्हाड पुढे केली. तिच्या मागे आणखी एक गृहस्थ सरकले, त्यांच्या मागे आणखी कोणी. जावईबापू सासूबाईंची पर्स सांभाळत उभे राहिले. त्यांना लाज वाटायला हवी होती, पण छाती मात्र फुगत चालली होती. "आमच्या सासूबाई आहेत," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले.

ते घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. बायकोने पिशवीतून चाकू काढला, कुऱ्हाड काढली, दोन्ही हातात तोलून पाहिली.

"वा! तू निवडलंस?"

खोटं बोलायची संधी नामी होती. "छे. आईंनी."

"आणि आई कुठेय?"

"दुकानात. मालकांनी स्वतःची खुर्ची दिलीय त्यांना. म्हणाल्या, वाट बघू नका, जेवून घ्या."

"अगंबाई! आणि रविवारी जंगलात?"

"त्यांचं काही जमणार नाही," जावईबापू अभिमानाने म्हणाले. "नोकरी नवीन आहे. इतक्यात रजा कशी मागायची?"