हॉलबर्गला अडीच

"त्या म्हाताऱ्याला अडीच स्टार का दिलेस?" आसावरीने चहाचा कप जरा जोरातच टेबलावर ठेवला.

"म्हाताऱ्याला नाही, त्याच्या टायरला दिले," निमिष खांबेटे लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाला. "आणि अडीच काही कमी नाहीत."

आता पाचपैकी अडीच म्हणजे निम्मेच, हे निमिषला कळत नव्हतं असं नाही. सिएटलजवळच्या बॉथेलमधल्या चांगल्या कंपनीत तो गेली वीस वर्षं आकड्यांचंच खातो आहे. पण त्याचे वडील पुण्यात गणिताचे मास्तर होते. पोटच्या पोराचा पेपर तपासताना उत्तर बरोबर असूनही त्यांनी अर्धा मार्क कापला होता, कारण पोराने समास सोडला नव्हता. अशा घरात वाढलेला माणूस सढळ हाताने मार्क वाटेल ही अपेक्षाच चूक. पाचपैकी पाच परमेश्वराला, आणि तेसुद्धा काम बघून, असं त्याचं सरळ धोरण होतं.

निमिषकडे एक जुनी मिनी आहे. तिची चाकं इतकी लहान की दहा इंची टायर शोधत गावभर हिंडावं लागतं. चार वर्षं गराजमध्ये खपून त्याने ती स्वतःच्या हाताने उभी केली. तिच्यासारख्या छोट्या जुन्या गाड्यांचा एक क्लब आहे. त्या क्लबाने यंदा निमिषला चार बनावटींचे टायर पाळीपाळीने लावून बघायला आणि त्यांचं रेटिंग लिहायला सांगितलं. ही कामगिरी त्याने भक्तिभावाने पार पाडली. डॅशबोर्डच्या फळीवर तो ताकाने काठोकाठ भरलेली स्टीलची वाटी ठेवायचा आणि ठरलेल्या रस्त्यावरून गाडी काढायचा. ताक जितक्या उशिरा सांडेल तितका टायर चांगला. महिनाभर गाडीला आंबूस वास येत होता, पण शास्त्रासाठी त्याने तो सोसला. शेवटी निकाल लागला. एका टायरला एक, दुसऱ्याला दीड, तिसऱ्याला दोन आणि हॉलबर्गला अडीच. म्हणजे हॉलबर्ग पहिला आला होता, आणि हे न लिहिताही कोणाला कळेल याविषयी निमिषच्या मनात शंका नव्हती.

हॉलबर्ग टायर काढणारा वॉल्टर हॉलबर्ग जवळच्याच स्नोहोमिश गावात राहायचा. वडिलांच्या वेळचा साचा त्याने जपून ठेवला होता आणि त्यातून तो वर्षातून एकदा क्लबापुरते टायर काढायचा. क्लबातला एकूण एक माणूस त्याला दरवर्षी पाच स्टार देत आला होता. त्यातले निम्मे तर टायर गाडीला लावण्याआधीच देत.

निकाल वाचून क्लबाची अध्यक्ष ब्रेंडा हिने फोन केला. वॉल्टरला फार लागलंय, जरा गोड शब्दांत खुलासा कर, असं तिने विनवलं. निमिषने खुलासा लगेच केला. त्याने लिहिलं, 'अडीच म्हणजे पन्नास टक्के. आमच्याकडे एवढ्यात माणूस सेकंड क्लासमध्ये पास होतो आणि घरचे पेढे वाटतात. इथे लोक मॉलच्या पार्किंगलाही पाच स्टार देतात, त्याला माझा इलाज नाही.'

दुपारपर्यंत वॉल्टरचं उत्तर आलं. यंदा टायर निघणार नाहीत आणि साचा भंगारात जाणार, एवढंच. मग क्लबातल्या सगळ्यांचीच तोंडं सुटली. चाळीस गाड्यांची चाकं या एका उपटसुंभामुळे बसणार, असं त्यांचं म्हणणं. यातली पहिली गाडी खुद्द निमिषचीच होती. चाचणीचे टायर परत गेले होते आणि मिनी आपल्या जुन्या, पार गुळगुळीत झालेल्या टायरांवर उभी होती. बाकीच्या तिन्ही बनावटींवर त्याचा भरवसा नव्हता, तेव्हा हॉलबर्ग मिळाले नाहीत तर चार वर्षांची मेहनत विटांवर चढवून ठेवायची पाळी होती. क्लबानेही निर्वाणीचा निरोप धाडला, रविवारपर्यंत रेटिंग बदल, नाहीतर क्लब सोड.

"बाबा, just give it a five," रुही म्हणाली. ती इथेच जन्मलेली, आता सिएटलला नोकरी करते आणि शनिवारी जेवायला येते. "चारच्या खाली काहीही म्हणजे basically hate mail असतं. तुम्ही त्या एअरपोर्टच्या ड्रायव्हरला तीन दिले होते. He never came back."

"चांगला चालवत होता म्हणून तीन दिले."

"Exactly."

"बदल की रे," आसावरी म्हणाली. "एका बटणाचं काम. तुझी गाडी वाचेल, क्लब राहील, आणि मला रोज तुझा हा चेहरा बघावा लागणार नाही."

"मी नाही बदलणार. उद्या कोणी वळणावर घसरलं आणि म्हणालं, खांबेट्यांनी पाच दिले होते, तर?"

"लग्नाला सव्वीस वर्षं झाली," आसावरीने रुहीकडे बघत सांगितलं. "माझ्या स्वयंपाकाचं आजवरचं सगळ्यात मोठं कौतुक माहितीये? 'खाण्यासारखं झालंय.' मी तेव्हा साचा भंगारात काढला नाही, ही माझी चूक."

निमिषने जॅकेट चढवलं.

"कुठे निघालास?"

"वॉल्टरकडे. तोंडावर सांगतो, मार्क बदलणार नाहीत."

"त्या गुळगुळीत टायरांवर? बाहेर पाऊस आहे."

"माझी गाडी, माझे टायर, माझे मार्क," असं म्हणून तो बाहेर पडलासुद्धा.

स्नोहोमिशपर्यंत मिनी मुकाट्याने गेली. वॉल्टरच्या दारातल्या उतारावर मात्र निमिषने ब्रेक दाबला आणि चाकांनी ते मनावरच घेतलं नाही. गाडी आडवी होत, आरामात घसरत गेली आणि वॉल्टरची टपालपेटी खांबासकट झोपवून थांबली. निमिष खाली उतरला तेव्हा वॉल्टर दारात उभा होता. ऐंशीला टेकलेला, पण ताठ माणूस. त्याने आधी पेटीकडे पाहिलं, मग गाडीच्या नंबरकडे.

"अडीचवाला तूच का?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"मीच. पेटीबद्दल माफी मागतो, नवी बसवून देतो. मार्कांबद्दल मागणार नाही."

"अडीचच का?"

"पंचेचाळीस मैलांच्या वेगापुढे तुमचा टायर गुणगुणतो. ओल्या रस्त्यावर दुसऱ्या वळणाला ताक सांडलं."

वॉल्टरला ताक म्हणजे काय ते सांगण्यात थोडा वेळ गेला. मग तो पावसातच कठड्याला टेकून उभा राहिला.

"आणि बाकीच्यांचं कधी सांडलं?"

"एकाचं पहिल्या वळणाला. दोघांचं तर आमच्या दारातच."

"म्हणजे माझा टायर पहिला आला?"

"अर्थात."

"मग तसं लिहायला काय झालं होतं?"

"मार्क समोर होते ना," निमिष म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपलं हे उत्तर थोडं तोकडं वाटलं. पण ते त्याने चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर मला वाईट वाटतं. तरीही अडीचच."

वॉल्टर शेडमध्ये गेला आणि चार नवेकोरे टायर गडगडवत बाहेर घेऊन आला.

"हे मी बसवून देतो. साचाही भंगारात जाणार नाही. पण एक अट आहे. मी शेजारी बसणार, तू चालवणार, आणि तुझं रेटिंग मी क्लबाच्या पानावर टाकणार."

"खुशाल टाका," निमिष छाती काढून म्हणाला. बत्तीस वर्षं गाडी चालवतो आहे, अजून एक पावती फाडलेली नाही, असंही त्याने वर ऐकवलं. त्या संध्याकाळी वॉल्टरला शेजारी बसवून त्याने नदीकाठाने अशी काही गाडी काढली, की घरी येताना स्वारी शीळ घालत होती.

घरी रुही लॅपटॉप उघडून त्याचीच वाट बघत होती. "बाबा, आला तुमचा रिझल्ट."

निमिषने चष्मा चढवला. वॉल्टरने लिहिलं होतं, 'चालक निमिष. ब्रेक उशिरा दाबतो, वळणावर गप्पा मारतो. क्लबातल्या ज्यांच्या ज्यांच्या शेजारी मी बसलो, त्यांत सर्वांत चांगला. अडीच स्टार.'

"अडीच?" निमिषचा आवाज चढला. "अडीच कशाबद्दल?"

"पहिला आलास की," आसावरी म्हणाली. "पेढे आणू?"

"अगं, सगळं जग बघणार हे. ऑफिसमधला रवीही आहे त्या पानावर, तिथे तोंड कसं दाखवू? एवढं चांगलं चालवलं मी. पाच नको, पण निदान चार? म्हाताऱ्याला माणसाची काही कदरच नाही."

रुहीने तोंडावर उशी दाबून धरली होती. निमिषने खुंटीवरचं ओलं जॅकेट पुन्हा चढवलं आणि किल्ली उचलली.

"आता कुठे?" आसावरीने विचारलं.

"वॉल्टरकडे," दारातून तो म्हणाला. "म्हणावं, पुन्हा बसा शेजारी. रीचेकिंग पाहिजे मला."