सहाव्या खुनाची मुदतवाढ

‘खुनी वरवंटा’ या सिनेमात सहाव्या नंबरला मरणारे नारायणराव इंगवले बुधवारी सकाळी अकरा वाजता पडद्यातून उतरून रजेचा अर्ज घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

इचलकरंजीतल्या आमच्या चंद्रकोर वाहिनीवर हा सिनेमा दर शुक्रवारी रात्री दीड वाजता लागतो. एकोणीस वर्षं लागतो आहे. तो मीच निवडला, आणि तेव्हा मालकांसकट सगळ्यांनी मला वेड्यात काढलं होतं. वरवंट्याला बांधलेली सुतळी दिसते, हे मान्य. पण यंत्रमागावरचे रातपाळीचे लोक आपली चहाची सुट्टी सहाव्या खुनाच्या वेळेवर घेतात. सिनेमा कसा निवडावा हे मला कोणी शिकवू नये.

“बसा,” मी म्हटलं. “रजा कशातून?”

“मरणातनं, मॅडम. एकच शुक्रवार.”

“कारण?”

“पोरीचं लगीन हाय.”

कारण खरं होतं. नारायणराव बावन्नाव्या मिनिटाला मरतात आणि त्यांच्या शालनचं लग्न शेवटच्या दहा मिनिटांत लागतं. एकोणीस वर्षं दर आठवड्याला लागलं, आणि बापाला एकदाही अक्षता टाकता आल्या नव्हत्या. मला फार वाईट वाटलं. तरी अर्ज नीट वाचणं माझं काम होतं.

“तुम्ही मेला नाहीत, तर इन्स्पेक्टर भोइटे पंचनाम्याला तुमच्या घरी येणार नाहीत,” मी म्हटलं. “ते आले नाहीत, तर त्यांची नि शालनची गाठ पडणार नाही. मग लग्न कोणाशी लावायचं?”

नारायणरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “म्हंजे मी मेल्याबिगर लगीन न्हाई, आन् मेल्यावर मी न्हाई.”

“तसंच आहे.”

ते उठले, नमस्कार करून दारापर्यंत गेले. मी त्यांना परत बोलावलं. “तुमची मरायला हरकत आहे, की उशीर चालेल?”

“मरतो की. पंगत उठली की लगेच मरतो.”

“तसं लेखी द्या.”

त्या कागदावर मी इन्स्पेक्टर भोइट्यांकडून आगाऊ पंचनाम्याला मंजुरी घेतली. असा पंचनामा पूर्वी कधी झाला नव्हता, पण होऊ नये असंही कुठे लिहिलेलं नव्हतं. वरवंट्याला विचारलं. तो सिनेमाचा हिरो असूनही त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

शुक्रवारी बावन्नाव्या मिनिटाला वरवंटा इंगवल्यांच्या उंबऱ्यापर्यंत गडगडत आला, दारावर डकवलेला कागद पाहून मागे फिरला. मागोमाग भोइटे दोन पंचांना घेऊन आले आणि रिकाम्या फरशीवर खडूने माणूस काढू लागले. नारायणराव स्वतः कंदील धरून उभे होते.

“डोस्कं जरा हिकडं घ्या,” ते म्हणाले. “माझी पडायची जागा ठरल्याली हाय.”

शालन पाणी घेऊन बाहेर आली. भोइट्यांनी तिला पाहिलं. तिथवर सगळं सुरळीत झालं.

ऑफिसचा फोन मात्र खणखणू लागला. “मॅडम, खून कुठाय? आमी माग बंद करून बसलोय!”

“होणार आहे. लग्नानंतर. आणखी एकेक चहा सांगा,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. असे सतरा फोन आले, सतराही जणांना हेच सांगितलं.

लग्न लागलं. इथे शालनला एक वाक्य आहे. आभाळाकडे बघून ती म्हणते, “बाबा, आज तुम्ही हवे होतात.” ते गावातल्या प्रत्येक मागवाल्याला पाठ आहे. शालनने सवयीने मान वर केली. शेजारी नारायणराव मुठीत उरलेल्या अक्षता धरून उभे होते. तिने मान खाली घेतली आणि त्यांच्याकडे पाहिलं. मी खुर्चीत सरळ बसले होते, तरी माझे डोळे भरून आले.

“बाबा,” ती म्हणाली, “आधी जेवून घ्या.”

नारायणराव पहिल्या पंगतीला बसले. जिलबी नको म्हणाले, मठ्ठा दोनदा मागून घेतला. वरवंटा मांडवाबाहेर चपलांपाशी थांबला होता. पंगत उठली तसे नारायणरावांनी हात धुतले, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जावयाला म्हणाले, “पंचनाम्यात येळ तेवढी दुरुस्त करून घ्या,” आणि बाहेर गेले.