परवा पहाटे पाचपासून

साहेब तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन परत आले आणि पाणीपुरवठा ऑफिसातल्या नानांच्या मागे साडेसाती लागली. नाना म्हणजे सूचना लिहिणारे कारकून. बत्तीस वर्षं ते 'उद्या पाणी येणार नाही' एवढंच लिहीत आले होते आणि दुसऱ्या दिवशी पाणी येत नव्हतं. कुणाची तक्रार नव्हती.

"नाना, ह्यात काही गोडवाच नाही," साहेब म्हणाले. "अनुप्रास हवा! एकच अक्षर पुन्हा पुन्हा कानावर आलं की मजकूर डोक्यात पक्का बसतो. तुम्ही 'प' धरा."

नानांनी निमूट 'प' धरला. सात महिन्यांनी त्यांना गुरुवारची रजा मिळाली होती. बायकोला तिच्या बहिणीकडे न्यायचं दोनदा हुकलं होतं. तिसऱ्यांदा हुकलं असतं तर घरात त्यांची धडगत नव्हती. अशा वेळी साहेबांशी वाद कोण घालणार? मंगळवारी दुपारपर्यंत त्यांनी पाच कागद फाडले.

"जमलंय," सहावा वाचून साहेब म्हणाले, "पण हा 'उद्या' दाताखाली खडा आल्यासारखा लागतो हो."

नाना इतके वैतागले होते की त्यांनी 'उद्या' खोडून सरळ 'परवा' लिहिलं. 'पाणीपुरवठा परवा पहाटे पाचपासून पूर्णपणे बंद.' 'बंद'ला मात्र इलाज नव्हता. साहेबांनी ते दोनदा मोठ्यांदा वाचून सही ठोकली आणि तासाभरात चौकाचौकांत कागद चिकटले.

ऑफिस सुटायच्या वेळी पाइपलाइनचे मिस्त्री आले. "साहेब, खोदायचं उद्या ना? भिंतीवर तर परवा लिहिलंय!"

नानांनी कपाळावर हात मारला. "काम उद्याच आहे हो. त्या 'प'च्या नादात माझं भानच गेलं. आत्ता दुसरे कागद लावतो."

"छे छे! एवढी सुंदर सूचना फाडायची?" साहेब कळवळले. "मिस्त्री, तुम्ही परवाच खोदा."

"पण साहेब, गुरुवारी मी..." नाना मध्येच म्हणाले.

"बरी आठवण केलीत. पाणी बंद म्हणजे दिवसभर लोकांचे फोन. सगळे हजर हवेत."

त्यांनी नानांचा अर्ज काढून त्यावर लाल पेनाने लिहिलं, 'रजा रद्द.' मग स्वतःच वाचून खूश झाले. "बघा नाना! न ठरवता जमलं!"

नाना पाय ओढत घरी पोचले. बायकोने दार उघडलं. "परवा किती वाजता निघायचं?"

वाटभर त्यांनी समजुतीची चार वाक्यं जुळवली होती, पण तोंडातून लाल पेनातले ते दोनच शब्द बाहेर पडले. साहेबांचं खरं होतं. तिला पुन्हा सांगावं लागलं नाही.