पिशवीची साक्ष

एउस्ताकिओंचं पोटाचं ऑपरेशन नीट पार पडलं, पण आतली एक बारीक नळी दुखावली. खाल्लेली चरबी त्या नळीतून जाते. ती आता पोटात झिरपायची आणि कुशीतून बाहेर काढलेल्या रबरी नळीच्या पिशवीत दुधासारखी पांढरी जमायची.

"तेल, लोणी, चरबी, सगळं बंद," डॉक्टर आर्रियागाबाई म्हणाल्या. "गळती आपोआप थांबेल. नाहीतर पुन्हा पोट उघडावं लागेल."

महिनाअखेरीस नातीचा पंधरावा वाढदिवस होता. पोरीचा बाप कामासाठी उत्तरेला गेला तो गेलाच, त्यामुळे रीतीप्रमाणे बापाने करायचा पहिला नाच तिच्याबरोबर आजोबांनीच करायचा होता. म्हणून त्यांची बायको बेलारमिना खाटेशी ठाण मांडून बसली. पिशवी हळूहळू निवळली आणि एका सकाळी पुन्हा पांढरीफटक झाली.

"काल काय खाल्लंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ग्वादालुपेच्या मेरीमातेची शपथ, काही नाही," एउस्ताकिओ म्हणाले.

"पिशवी तसं म्हणत नाही."

बेलारमिनाने भेटायला आलेल्यांकडे मोर्चा वळवला. नणंद ओफेलिया शालीआड थर्मास लपवत होती.

"कोंबडीचा रस्सा पाजला. ते काय खाणं झालं? आजाऱ्याला रस्सा नाही दिला तर लोक तोंडात शेण घालतील."

दोस्त इलारिओने टोपी काढली. "मी डुकराच्या तळलेल्या कातडीचा तुकडा दिला, वहिनी. नुसता वासाला."

"आणि वास घेऊन झाल्यावर?"

"परत नाही मिळाला."

"मेल्यांनो, त्या पोरीबरोबर तुम्ही नाचणार आहात का?" बेलारमिना कडाडली.

"आणि तुमच्या त्या डब्यात काय आहे?" डॉक्टरीणबाईंनी बेलारमिनालाच विचारलं.

"उकडलेला काळा घेवडा. अगदी पथ्याचा."

"उकडून मग?"

"चमचाभर चरबीत परतलाय. तेवढीही नको म्हटलं तर त्याला घेवडा कोण म्हणेल?"

त्या दिवसापासून दवाखान्याच्या पेजेखेरीज काही आत आलं नाही. पिशवीतलं पाणी निवळलं, मग आटत आलं. परीक्षेपुरतं पेलाभर दूध पाजलं, तरी पिशवी पांढरी झाली नाही. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाई पिशवी आणि तिची नळी काढायला आल्या.

"पिशवी राहू द्या ना अजून," बेलारमिना म्हणाली. "लग्न झाल्यापासून हा माणूस पहिल्यांदाच खरं सांगतोय."

"राहू दे," एउस्ताकिओ शांतपणे म्हणाले. "घरी गेलो की तुझ्या घेवड्याचंही खरं सांगेल ही पिशवी."

बेलारमिनाने क्षणभर विचार केला.

"काढा, डॉक्टरीणबाई. उद्या नाचायचंय त्याला."